बाविसाव्या वचनाच्या आधी

“मॅडम, मी ख्रिस्ती म्हणवून घ्यायच्या लायकीची नाही.” माझ्याकडे सल्ल्याला आलेल्या बाई खुर्चीत टेकता टेकता हेच बोलल्या. नगरकडच्या, शाळेतून निवृत्त झालेल्या. (ओळख पटू नये म्हणून तपशील थोडे बदललेत.)

मंडळीतल्या, म्हणजे चर्चमधल्या, एका मैत्रिणीला मुलीच्या लग्नासाठी म्हणून बाईंनी आपल्या पाटल्या गहाण ठेवायला दिल्या. चिठ्ठी नाही, चपाटी नाही. दर रविवारी एका बाकावर बसणाऱ्यांत कागद कसला? दोन वर्षांनी कळलं, पाटल्या गहाण नव्हत्याच. त्या केव्हाच मोडल्या होत्या.

मग जो तो येऊन क्षमेचा उपदेश करू लागला. येशूनं सांगितलंय, सत्तर वेळा सात क्षमा करा, वगैरे. बाईंनी प्रभुभोजनच, म्हणजे चर्चमधला भाकर-द्राक्षरसाचा विधीच, बंद केला. “मनात एवढा राग, भाकर कुठल्या तोंडानं घेऊ?” पाटल्या गेल्या त्यापेक्षा राग येतो याचीच त्यांना जास्त लाज. हे मी फार पाहते. दगा एकाने द्यायचा आणि अपराधी दुसऱ्याने वाटून घ्यायचं.

त्यांच्या पिशवीत चेनवाल्या कव्हरातलं बायबल होतं. म्हटलं, दाविदाचं स्तोत्र 55 काढा, मोठ्यानं वाचा. “आपला भार परमेश्वरावर टाक, तेच ना? पाठ आहे.” ते बाविसावं वचन कॅलेंडरवरसुद्धा असतं हो, आधीची एकवीस कोण वाचतं?

त्या वाचू लागल्या. निंदा करणारा वैरी असता तर सोसलं असतं, पण हा तर माझा सोबती, आम्ही बरोबर देवाच्या घरी जायचो, इथे आवाज फुटला. पुढच्या ओळीत दावीद त्या लोकांना मरणच मागतो. बाईंनी चष्मा काढला. “असं म्हणायचं असतं देवाला?”

“म्हटलंय की त्यानं. आणि ते पवित्र शास्त्रात ठेवलंय.”

बाई बराच वेळ रडल्या. मी मध्ये पडले नाही.

पुढच्या खेपेला बायबलातला योसेफ काढला. भावांनी वीस रुप्याच्या नाण्यांना विकलेला. पुढे तो मिसरात मोठा अधिकारी झाला आणि दुष्काळात तेच भाऊ धान्यासाठी दारात आले, तेव्हा त्यानं लगेच मिठी मारली नाही. ओळख लपवली, एकाला अडकवून ठेवलं, धाकट्या बन्यामिनाच्या गोणीत प्याला घालून पाहिलं. ज्या भावाने, यहूदाने, त्याला विकायची कल्पना काढली होती, तोच “धाकट्याऐवजी मला गुलाम करा” म्हणाला, तेव्हा कुठे योसेफाला रडू आवरेना. माणूस बदललाय का हे पाहणं म्हणजे सूड नव्हे, एवढंच मला बाईंना दाखवायचं होतं. क्षमा एकटीला करता येते. विश्वास परत बसायला समोरच्यालाही काही करावं लागतं.

बाईंनी पाळकांना, म्हणजे चर्चच्या धर्मगुरूंना, मध्ये घेतलं, मैत्रिणीकडून लिहून घेतलं. महिन्याला दोन हजार. तीन हप्ते आले, चौथा चुकला.

गेल्या महिन्यात त्यांनी प्रभुभोजन घेतलं. बाक मात्र बदललाय. “तिच्या शेजारी अजून नाही बसवत.”

म्हटलं, नका बसू.