चलनाचा व्यापार पाप आहे का, त्याआधी तीन लाखांचं बोलू

सलाम.

तुमचं पत्र थोडक्यात असं: राहणं खानापुरात, नोकरी बेळगावच्या उद्यमबागेतल्या फौंड्रीत, आईच्या मागे राहिलेल्या ठेवीचे तीन लाख हातात, मुलगी यंदा दहावीला. प्रार्थनासभेतल्या एका भावाने परदेशी फॉरेक्स ॲप, म्हणजे चलनाच्या सौद्यांचं ॲप, दाखवलं, महिन्याला पाच टक्के सुटतात म्हणाला. पाळकसाहेब याला पाप म्हणतात, तर तो भाऊ बायबलमधला दाखला देतो: धन्याने दिलेले पैसे न वाढवता जमिनीत पुरून ठेवणाऱ्या दासाला धनी रागावतो. खरं कोणाचं?

चलनाची अदलाबदल हे पाप नव्हे. तुमच्याच फौंड्रीचं बघा. कास्टिंग जर्मनीला गेलं, लाख युरोचं बिल नव्वद दिवसांनी येणार. तेवढ्यात युरो दोन रुपयांनी उतरला तर दोन लाख गेले, आणि पगार तर रुपयातच द्यायचे. म्हणून मालक बँकेत आजच भाव बांधून घेतो. त्याची जोखीम घेणारा कोणीतरी लागतो आणि त्याला मोबदला मिळण्यातही काही गैर नाही. तुमच्याकडे मात्र ना युरो येणार, ना डॉलर द्यायचे. तुमची फक्त पैज आहे.

गंमत म्हणजे कायदाही हाच फरक करतो. रिझर्व्ह बँकेच्या नियमाप्रमाणे मे 2024 पासून एनएसई या शेअर बाजारावर रुपयाशी जोडलेल्या चलनाचा सौदा करायचा तर मागे खरं येणं-देणं असावं लागतं. म्हणजे ‘ॲप नको, एनएसईवर करतो’ हा तुमचा दुसरा पर्यायही निकालात निघाला. परदेशी ॲपवर मार्जिन, म्हणजे सौद्याची अनामत, भरणं फेमा या परकीय चलनाच्या कायद्याखाली बेकायदा आहे, दंड रकमेच्या तिपटीपर्यंत जाऊ शकतो. रिझर्व्ह बँक अनधिकृत ॲपची यादी काढते, पण यादीत नाव नाही म्हणजे परवानगी आहे असं समजू नका.

आता हिशेब. महिन्याला पाच टक्के चक्रवाढीने धरले तर तीन लाखांचे दहा वर्षांत साडेदहा कोटी होतात. असं जमणारा माणूस तुमच्या तीन लाखांसाठी खानापूरपर्यंत कशाला येईल? त्यातून ॲप भरलेल्या रकमेच्या पाचशे पट उसना सौदा करू देतं. पूर्ण पट वापरलीत तर भाव 0.2 टक्के उलटा फिरताच तुमचं मार्जिन साफ. युरो-डॉलर एवढा तर एका दुपारीही हलतो.

दासाच्या दाखल्याचं म्हणाल, तर धनी त्याला म्हणतो, निदान सावकारांकडे ठेवायचे होतेस, व्याज तरी मिळालं असतं. आणि धनी परततो तो बराच काळ लोटल्यावर. रोज संध्याकाळी मोबाइलवर नफा बघायला सांगणारा हा दाखला नाही. बायबलमधल्याच यरुशलेमच्या मंदिरातल्या सराफांचं उदाहरण मला इथे जास्त लागू वाटतं. मंदिराचा कर ठरावीक नाण्यांतच चालायचा, तेव्हा नाणी बदलून देणं गरजेचंच होतं. तरी प्रभू येशूने त्यांचे चौरंग उलथले, कारण उपासनेला आलेल्यांनाच गिऱ्हाईक केलं होतं. तुमच्या पत्रात एक ओळ सहज येऊन गेलीय: नवा सभासद जोडला की त्या भावाला कमिशन मिळतं. पाळकसाहेबांना मी आधी ती ओळ दाखवली असती. नफ्याचा दशांश चर्चच्या छपराला देणार म्हणता, पण मंडळीतल्याच कोणाचे पैसे बुडून आलेलं छप्पर मंडळीला परवडेल का?

तुम्ही चाचणी म्हणून ॲपवर भरलेले वीस हजार आजच परत मागा. ‘आधी टॅक्स भरा, मग पैसे सुटतील’ असं उत्तर आलं तर एक रुपयाही भरू नका. सायबर फसवणुकीच्या 1930 या हेल्पलाइनवर तक्रार करा आणि पावत्या, व्हॉट्सॲपवरचं बोलणं जपून ठेवा.

तीन लाखांतले मुलीच्या पीयूसीच्या, म्हणजे अकरावी-बारावीच्या, दोन वर्षांच्या फीपुरते बँकेत मुदत ठेवीला टाका. बँकेत म्हणतोय, सोसायटीत नव्हे: आपल्याकडे गल्लोगल्ली पतसंस्था म्हणजे सोसायट्या नि सौहार्द सहकारी संस्था आहेत, दर एखादा टक्का जास्त देतात, पण पाच लाखांचं ठेव-विम्याचं संरक्षण बँकेतल्या ठेवीला असतं, त्यांच्या ठेवीला नसतं. तिथे रोज थोडे थोडे भरायची पिग्मी ठेव चालू असेल तर चालू द्या, रक्कम मोठी होऊ देऊ नका. सहा महिन्यांचा घरखर्च वेगळा काढा. टर्म विम्याचं पत्रात काहीच नाही. मिळवते तुम्ही एकटेच असाल तर उरलेल्या पैशाचं ठरवायच्या आधी तो घ्या, आणि हप्ता किती बसतो ते मला कळवा.