खासगी एफएमवर बातम्या का नसतात?

स्वतःच्या बातम्या द्यायची परवानगीच नाही, म्हणून. १९९५ मध्ये सुप्रीम कोर्टाने रेडिओलहरी (ज्यांवरून प्रसारण होतं) ही सार्वजनिक मालमत्ता आहे, सरकारची मक्तेदारी नव्हे, असा निकाल दिला. (निकाल देणाऱ्यांत आपले न्या. पी. बी. सावंत होते.) २००१ मध्ये बंगळुरूत पहिलं खासगी एफएम सुरू झालं, पण परवान्यात बातम्यांना मनाई. २०११ च्या धोरणाने आकाशवाणीचं बातमीपत्र जसंच्या तसं लावायची मुभा दिली. ट्रॅफिक, हवामान, परीक्षांचे निकाल चालतात, त्यांना 'बातमी' धरत नाहीत! मनाईचं कारण सरकार सुरक्षेचं सांगतं. चोवीस तास वृत्तवाहिन्या चालू असताना ते मला तरी पटत नाही. २०२३ मध्ये ट्रायनेच (दूरसंचार व प्रसारण क्षेत्राची नियामक संस्था) तासाला दहा मिनिटं बातम्यांची शिफारस केली.