मासा असूनही अंगात ऊब

प्रश्न : मासे शीतरक्ताचे असतात, असे शाळेत शिकलो. मग पांढरा शार्क थंड समुद्रातही इतका चपळ कसा राहतो?

उत्तर : शाळेतला नियम चुकीचा नाही, पांढरा शार्क हा त्याच्या मोजक्या अपवादांपैकी एक आहे. पोहताना स्नायूंत निर्माण होणारी उष्णता बहुतेक माशांमध्ये रक्तावाटे कल्ल्यांपर्यंत जाते आणि तेथे पाण्यात विरून जाते. या शार्कच्या शरीरात मात्र बारीक रक्तवाहिन्यांचे दाट जाळे असते. त्यात स्नायूंकडून परतणारे उबदार रक्त आणि कल्ल्यांकडून येणारे थंड रक्त एकमेकांना खेटून, पण उलट दिशांनी वाहते. त्यामुळे उष्णता बाहेर पडण्याआधीच थंड रक्तात उतरते आणि पुन्हा आत जाते. जठराचे तापमान भोवतालच्या पाण्यापेक्षा १० अंश सेल्सिअसहूनही अधिक असल्याच्या नोंदी आहेत. मेंदू आणि डोळेही उबदार राहतात, आणि वेगाने निसटणाऱ्या सीलमागे लागताना तेच उपयोगी पडते. हृदय मात्र जवळपास पाण्याइतकेच थंड असते, म्हणून त्याला सरसकट उष्णरक्ताचा म्हणणे मला पटत नाही.

अर्थात, ही ऊब फुकट मिळत नाही. तिला भरपूर इंधन लागते आणि ते सील किंवा मृत देवमाशाच्या चरबीतून मिळते. लांबच्या प्रवासात यकृतातील तेलाचा साठा कामी येतो. २००३-०४ मध्ये खूणयंत्र लावलेली एक मादी दक्षिण आफ्रिकेहून ऑस्ट्रेलियापर्यंत, म्हणजे ११,००० किलोमीटरहून अधिक अंतर, ९९ दिवसांत पोहून गेली आणि नऊ महिन्यांच्या आत मूळ किनाऱ्यावर परतलीही.