शनिवारची गोळी

"रक्त पातळ करायची गोळी सुरू झालीय. आता सायकल बंदच ना?"

हा प्रश्न समुपदेशक म्हणून माझ्याकडे सारखा येतो. कुणाच्या पायातल्या शिरेत गुठळी झालेली असते, कुणाची हृदयाची झडप बदललेली असते, कुणाचे ठोके अनियमित असतात. विचारणारा बहुधा स्वतः रुग्ण नसतो. त्याची बायको असते, मुलगी असते, सून असते. उत्तर त्यांनी मनात ठरवलेलं असतं, ते फक्त माझ्या तोंडून वदवून घ्यायचं असतं.

मी तसं म्हणत नाही. बहुतेकांना व्यायाम करता येतो आणि करायलाच हवा. पुष्कळांना डॉक्टरांना विचारून सायकलही चालवता येते. पण या 'हो'च्या आत काय काय असतं, ते मला बडोद्यातल्या दांडिया बाजारात राहणाऱ्या एका जोडप्याने शिकवलं. त्यांच्या परवानगीने, ओळख पटेल असे तपशील बदलून लिहिते आहे.

काका ६२ वर्षांचे, बँकेतून निवृत्त. रविवारी पहाटे सायकल काढायची, महीच्या काठी सिंधरोटपर्यंत जायचं, चहा घ्यायचा आणि ऊन चढायच्या आत परत यायचं, येताना घरच्यांसाठी सेव उसळ बांधून आणायची. वर्षानुवर्षांचा हा नेम. मग एका पावसाळ्यात धाप लागायला लागली म्हणून ईसीजी काढला, तर एट्रिअल फिब्रिलेशन निघालं. यात हृदयाचे वरचे कप्पे नीट आकुंचन पावत नाहीत, नुसते थरथरतात. तिथे रक्त साचून राहतं, त्याची गुठळी होऊ शकते आणि ती मेंदूत गेली की अर्धांगवायू. अशा माणसाला तो होण्याची शक्यता इतरांच्या साधारण पाचपट असते. गुठळी न होऊ देणारी गोळी नियमित घेतली, तर हा धोका सुमारे दोन तृतीयांशाने कमी होतो. काकांना रोज रात्री जेवणाबरोबर रिव्हारोक्साबान सुरू झाली.

त्याच आठवड्यात काकूंनी सायकलला साखळी घातली. किल्ली देवघरात, करंड्याखाली.

पहिल्या भेटीत काकूच बोलल्या. "ताई, यांचं रक्त अगदी पाण्यासारखं झालंय. दाढी करताना हनुवटीला कापलं तर अर्धा तास थांबेना. टॉवेल भिजला. उद्या रस्त्यात पडले तर?" काका खिडकीबाहेर बघत होते. मी घरातल्या घरात चालवायची, जागच्या जागी पॅडल मारायची सायकल सुचवली. काकूंना ते एकदम पटलं. काका म्हणाले, "बघू." त्या 'बघू'पाशी मी थांबायला हवं होतं. थांबले नाही, ही माझी चूक. समोरचा माणूस इतक्या लवकर कबूल होतो तेव्हा तो बहुधा दुसरीकडे कुठेतरी आपली वाट काढून बसलेला असतो, हे माझ्यासारखीला कळायला हवं होतं.

दुसऱ्या भेटीत मी हनुवटीच्या त्या जखमेपासूनच सुरुवात केली. नेमकं काय केलंत? काकू म्हणाल्या, "कापूस लावला. उचलून बघितलं तर वाहतंच आहे. परत लावला, परत बघितलं."

घरोघरी असंच होतं. 'रक्त पातळ' हा शब्दच फसवा आहे. गोळीने रक्त पाण्यासारखं होत नाही, त्याचा दाटपणा तोच राहतो. फक्त ते गोठायला वेळ लागतो. आपण दर मिनिटाला कापूस उचलून बघितलं, तर नुकतं धरू लागलेलं जाळं दर वेळी उचकटतं आणि मोजणी पहिल्यापासून सुरू होते. म्हणून दाबायचं ते घड्याळ लावून, सलग दहा मिनिटं, मध्ये अजिबात न बघता. तरी थांबलं नाही तर आणखी दहा मिनिटं, आणि दाबून ठेवूनच दवाखान्यात जायचं.

सांगून हे मुरत नाही, म्हणून मी करायला लावलं. काकांनी बाही वर केली. काकूंनी रुमालाची चारपदरी घडी केली, त्यांच्या कोपराखाली ठेवली आणि तळहाताने दाबली. मी मोबाइलवर दहा मिनिटं लावली. दहा मिनिटं किती लांब असतात, हे असं बसल्याशिवाय कळत नाही. दोन मिनिटांत काकूंची बोटं चुळबुळायला लागली. चौथ्या मिनिटाला त्यांनी विचारलं, "बघू का?" मी नकारार्थी मान हलवली. खाली रावपुऱ्याच्या रस्त्यावर रिक्षांचे हॉर्न चालू होते. काकांना हात सोडवून उठता येत नव्हतं, आणि कदाचित म्हणूनच सहा-सात मिनिटं झाल्यावर ते रुमालाकडे बघत म्हणाले,

"शनिवारची गोळी मी घेत नाही."

काकूंचा हात तसाच राहिला. उचलायचा नाही असं मी सांगितलं होतं ना.

मग सगळं बाहेर आलं. रविवारी सकाळी 'कमाटीबागेत फिरायला जातो' म्हणून काका निघायचे आणि एका मित्राच्या घरून त्याची सायकल घेऊन सिंधरोट गाठायचे. पडलो तर फार रक्त जायला नको, म्हणून आदल्या रात्रीची गोळी गाळायची. हेल्मेट घरी खुंटीवर लटकलेलं. ते घेतलं तर बिंग फुटलं असतं, म्हणून डोकं उघडंच. गुडघे दुखले तर चालावी म्हणून खिशात डायक्लोफेनॅकच्या दोन गोळ्या. आणि ते कुठल्या रस्त्यावर आहेत, हे घरात कुणालाच ठाऊक नाही.

काकू बऱ्याच वेळाने म्हणाल्या, "म्हणजे महिनाअखेरीला चार गोळ्या उरायच्या त्या... मला वाटायचं, मीच मोजायला चुकते."

मला काकांचा राग आला नाही. त्यांनी त्यांच्या परीने हिशेब केला होता, पण तो उलटा पडत होता. अशा गोळीचा असर साधारण एक दिवस टिकतो, म्हणून तर ती रोज घ्यायची. शनिवारी रात्री गाळली की रविवारी संध्याकाळपर्यंत गुठळीपासून संरक्षण जवळजवळ उरत नाही. शिवाय गोळी गाळून पडणं काही टळत नाही, आणि डोकं फुटायचं ते फुटतंच. पडण्याची भीती सायकलवरच्या दोन तासांची. गुठळीची भीती दिवसाच्या चोवीस तासांची, झोपेतसुद्धा. दोन तासांसाठी चोवीस तास उघड्यावर टाकायचे, असा तो सौदा होता. काकूंचाही हिशेब उलटाच पडला होता. त्यांच्या बंदीने सायकल थांबली नाही. गेलं ते हेल्मेट, गेली ती गोळी आणि गेलं ते 'मी अमुक ठिकाणी आहे' एवढं सांगणं. प्रेमापोटी घातलेली बंदी घरातला सगळ्यात जरुरीचा धागा कशी तोडते, हे मी इतक्या स्पष्टपणे याआधी बघितलं नव्हतं.

इथून पुढचं काम माझं नव्हतं. मी समुपदेशक आहे, डॉक्टर नाही. कुणी किती चालवायची, कुठला डोस, हे माझ्या खोलीत ठरत नाही. मी दोघांना एका कागदावर प्रश्न लिहायला लावले आणि त्यांच्या हृदयरोगतज्ज्ञांकडे पाठवलं. दोघांनी एकत्र जायचं, आणि गाळलेल्या शनिवारांचं स्वतः काकांनी सांगायचं, एवढीच माझी अट.

डॉक्टरांनी तपासण्या करून परवानगी दिली, पण अटींसह. गोळी एकही दिवस चुकवायची नाही, आणि चुकलीच तर दुसऱ्या दिवशी दोन एकदम घ्यायच्या नाहीत. डायक्लोफेनॅक, आयब्युप्रोफेन बंद, कारण या गोळीबरोबर ती पोटात रक्तस्राव करू शकतात. गुडघा दुखला तर पॅरासिटामॉल, तीही विचारून. वेग इतकाच की सोबत्याशी बोलता येईल, पण गाणं म्हणता येणार नाही. ठोके अनियमित असलेल्या माणसाला नाडी मोजून फारसा अंदाज येत नाही, तिथे ही जुनी खूण जास्त उपयोगी पडते. छातीत दुखलं, चक्कर आली, नेहमीपेक्षा जास्त धाप लागली तर तिथेच उतरायचं. लघवीतून रक्त, डांबरासारखी काळी शी, काही न लागता मोठमोठे काळेनिळे डाग यांपैकी काहीही दिसलं तर वाट बघायची नाही.

आणि डोकं. डोक्याला मार लागला, तर बरं वाटत असलं तरी हॉस्पिटल गाठायचं, १०८ ला फोन करायचा आणि पहिल्या वाक्यात गोळीचं नाव सांगायचं. हे मी काकांकडून तीन वेळा वदवून घेतलं. उतारवयात कवटीच्या आत रक्त हळूहळू साचू शकतं, आणि डोकेदुखी, उलटी, गुंगी, बोलण्यातला गोंधळ हे सगळं काही तासांनी, कधी काही दिवसांनी दिसायला लागतं. बाहेर जखमही नसते. 'टेंगूळ आलंय, बर्फ लावू' इथे चालत नाही.

काकांनी उंधियू सोडला होता, हेही याच भेटींमध्ये कळलं. शेजारच्या एका आजोबांनी सांगितलं होतं की पातळ रक्तवाल्यांनी पापडी, मेथी, कोथिंबीर खायची नाही. ते आजोबा असिनोकुमरॉल घेतात. ती आणि वॉरफरिन ही औषधं पालेभाज्यांतल्या व्हिटॅमिन के च्या विरुद्ध काम करतात, त्यामुळे पालेभाजी एकदम वाढली किंवा एकदम बंद झाली की त्यांचा आयएनआर, म्हणजे रक्त गोठायला किती वेळ लागतो ते मोजणारा आकडा, हलतो. बहुतेकांचा तो २ ते ३ च्या मध्ये ठेवतात, कृत्रिम झडप असेल तर कधी थोडा जास्त. त्या आजोबांनीही भाजी सोडायची नसते, रोजचं प्रमाण सारखं ठेवायचं असतं. काकांच्या गोळीला तर हा नियमच लागू नाही. बडोद्यात राहून हिवाळाभर उंधियूकडे पाठ फिरवायची, तीही दुसऱ्याच्या औषधाच्या नियमापायी, याचं मला खरंच वाईट वाटलं. आपली गोळी कुठली, तिचं नाव काय, हे घरातल्या प्रत्येकाला पाठ हवं.

मला विचारणाऱ्या बाकीच्यांसाठीही थोडं सांगते. चालणं, पोहणं, हलकी वजनं, श्वास रोखून न धरता केलेली आसनं हे सगळं डॉक्टरांच्या होकाराने बहुतेकांना जमतं. पायात गुठळी झालेल्यांनी ते कधी सुरू करायचं, हे मात्र विचारूनच. पोटऱ्यांचे स्नायू हलले की पायातलं रक्त वर ढकललं जातं, म्हणून बसून राहणं हा काही सुरक्षित पर्याय नाही. कबड्डी, फुटबॉल, बॉक्सिंग सोडायचं. शीर्षासनही. आणि कुठल्याही दवाखान्यात इंजेक्शन घेण्याआधी, धनुर्वाताचंसुद्धा, गोळीचं सांगायचं.

आमच्या गावाचा एक धोका मात्र कुठल्याही पुस्तकात नाही. उत्तरायण, म्हणजे पतंगांची संक्रांत. १४ जानेवारी आणि दुसऱ्या दिवशीचं वासी उत्तरायण, पण मांजा त्याआधी कितीतरी दिवस रस्त्यावर आडवा येत असतो आणि नंतर झाडांवरून, तारांवरून लोंबत राहतो. स्कूटरवाले हँडलला तारेची कमान लावतात ती गळा चिरू नये म्हणून. नायलॉनच्या मांजावर २०१७ मध्ये राष्ट्रीय हरित लवादाने देशभर बंदी घातली, तरी तो दिसतोच. अंगात ही गोळी असताना गळ्याला मांजा लागणं, हा विचारही मला सहन होत नाही. काका स्वतःच म्हणाले, "डिसेंबरच्या मध्यापासून जानेवारी संपेपर्यंत घरातली सायकल." मी पहिल्या भेटीत सुचवलेलीच ती. या वेळी ती त्यांनी स्वतः निवडली होती.

काकूंनी किल्ली करंड्याखालून काढून हेल्मेटच्या खुंटीला अडकवली. सीटखालच्या पिशवीत एक कार्ड गेलं: गोळीचं नाव, डोस, वेळ, घरचा नंबर, मराठी, गुजराती आणि इंग्रजीत. निघताना रस्ता सांगायचा, सिंधरोटला पोचल्यावर एक फोन.

मार्चच्या सुरुवातीला काकू एकट्या आल्या. पर्समधून फेब्रुवारीची रिकामी पाकिटं काढून माझ्या टेबलावर ठेवली. एकही गोळी शिल्लक नव्हती. मग त्यांनी आदल्या रविवारचं सांगितलं. पोचल्याचा फोन यायच्या आधीच फोन वाजला. खडीवर चाक घसरलं होतं, गुडघा खरचटला होता.

"मी पहिलं विचारलं, डोकं? म्हणाले, नाही, हेल्मेटही टेकलं नाही. मग म्हटलं, दाबून धरलंय का?"

"काय म्हणाले?"

"म्हणाले, झाडाखाली बसलोय, घड्याळ लावलंय, सातवं मिनिट चालू आहे. मी म्हटलं, फोन ठेवू नका. उरलेली तीन मिनिटं आम्ही काहीच बोललो नाही."