मे महिन्यात लॉन्सवर लग्न आहे, सकाळपासून रात्रीपर्यंत टिकेल असा फुल कव्हरेज ब्रायडल मेकअप कोणता? एचडी घेऊ की एअरब्रश?

वयाने लहान असशील असं धरून अगं-तुगं करतेय, राग मानू नको. नाशिकला सिडकोत माझं पार्लर आहे, लग्नसराईत ब्रायडलची कामं घेते, त्यामुळे प्रश्न बघून राहवलं नाही. तू लिहिलंयस की औरंगाबाद नाक्याच्या लॉन्सवर लग्न, मुहूर्त दुपारी साडेबाराचा, रिसेप्शन तिथेच संध्याकाळी, रंग गव्हाळ, गालावर पिंपल्सचे डाग, डोळ्याखाली काळं, आणि सगळं झाकलं जाऊन रात्रीपर्यंत काही हलायला नको.

आता खरं सांगू का, एचडी की एअरब्रश हे नंतरचं. मेकअप टिकतो तो पातळ थरांमुळे आणि खालच्या स्किनमुळे, जाड थापल्याने नाही. भिंतीला एकदम जाड पुट्टी मारली की पोपडे सुटतात ना, तसं होतं, सगळ्यात आधी ओठांच्या बाजूला आणि नाकाच्या कडेला फुटतं. फुल कव्हरेज म्हणजे पूर्ण चेहऱ्यावर फुल असं नसतंच मुळी, जिथे डाग आहे तिथे फुल आणि बाकी ठिकाणी जेमतेम, मग लांबून सगळंच झाकल्यासारखं दिसतं आणि जवळून माणूस माणसासारखा दिसतो.

एचडी म्हणजे काही वेगळं मशीन नसतं. हाय डेफिनिशन कॅमेऱ्यात जुना जाड मेकअप उठून दिसायला लागला म्हणून बारीक दळलेल्या पिगमेंटचे प्रॉडक्ट निघाले, ते हाताने ब्रश-स्पंजने लावायचे, एवढंच. आता आपल्याकडे रेटकार्डावर एचडी हे नुसतं पॅकेजचं नाव झालंय, त्यात नेमकं काय वापरणार ते विचारल्याशिवाय ॲडव्हान्स देऊ नको. एअरब्रशला छोटा कॉम्प्रेसर आणि गन असते, फाउंडेशनचा फवारा उडतो, थर एकदम पातळ आणि एकसारखा बसतो, सिलिकॉन बेसचं असेल तर घामाला बऱ्यापैकी दाद देत नाही. पण पिंपल्सचे गडद डाग नुसत्या एअरब्रशने जात नाहीत, खाली हाताने करेक्टर, म्हणजे डागाचा रंग मारणारी रंगीत क्रीम, लावावाच लागतो, आणि रडताना गालावरून ओघळ गेला की तिथे पॅच मारणं अवघड, रेघ दिसते. तुझ्या स्किनला मी हातानेच करीन. कुणी दोन्ही मिळून नीट करणारी असेल तर तेही चालेल, पण जास्त पैसे नुसत्या गनचे देऊ नको.

प्रॉडक्टचं म्हणशील तर क्रायोलनची टीव्ही पेंट स्टिक नाटक-सिनेमावाले वापरत आलेत, कव्हरेज भरपूर, पण ती तेल-मेणाची, पावडरने नीट बसवली नाही तर उन्हाळ्यात सरकते. डर्माकोलचं मेकअप कव्हर प्रागच्या बारांडोव फिल्म स्टुडिओत १९६६ साली कॅमेऱ्यासाठी बनलेलं, इतकं घट्ट असतं की डागांवर टाचणीच्या डोक्याएवढं पुरतं, आणि लोक अर्धी ट्यूब पिळून वर म्हणतात केकी झालं. एस्टी लॉडरचं डबल वेअर महाग आहे पण घामात टिकतं, फक्त लगेच सुकतं म्हणून आधी एक गाल, मग दुसरा असं करत लावायचं. डब्यावर २४ तास लिहिलेलं असतं ते एसीत बसलेल्या बाईचे तास, मांडवातल्या नवरीचे नाहीत. माझा हिशोब असा की डागांवर जड काहीतरी आणि बाकी चेहऱ्यावर लाँग वेअर लिक्विड. फक्त प्रायमर, म्हणजे फाउंडेशनच्या खाली लावायचा थर, सिलिकॉनचा आणि फाउंडेशन पाण्याच्या बेसचं असं उलटसुलट झालं की घासताना वळ्या सुटू शकतात, म्हणून दोन्ही एका जातीचे घ्यायचे.

आणखी एक, व्हिडिओ बघून ठरवत असशील तर ते बनवणारे बरेच जण मुंबई-दिल्लीचे असतात. मुंबईचा उन्हाळा दमट, आपला मे महिना कोरडा, पारा चाळिशीला आणि वर लॉन्सवरचा वारा. इथे चेहरा आतून सुकतो आणि वरून तेल सुटतं. त्यामुळे मॉइश्चरायझर नको, तेलकट होईल, असं कुणी म्हटलं तर ऐकू नको. जेलसारखा हलका लाव, दहा मिनिटं मुरू दे, मग सनस्क्रीन, मग प्रायमर, तोही फक्त कपाळ, नाक आणि नाकाच्या बाजूला. सुकलेल्या स्किनवर मॅट फाउंडेशन लावलं की दुपारी दोनपर्यंत हनुवटीवर भेगा दिसायला लागतात.

लग्नाच्या आधीचे पंधरा दिवस नवीन काहीही ट्राय करायचं नाही. फेशियल आठवडाभर आधी, थ्रेडिंग दोन-तीन दिवस आधी, ब्लीच शक्यतो नकोच. आणि मेडिकलमधून आणलेली गोरं करणारी क्रीम वापरत असशील, मैत्रिणीने सांगितलेली वगैरे, तर स्किनच्या डॉक्टरला दाखव, त्यातल्या बऱ्याच क्रीममध्ये स्टेरॉइड असतं, स्किन पातळ होते, उन्हात लाल होते, आणि अचानक बंद केली तर अजूनच भडकते. ट्रायलच्या वेळी फाउंडेशन आणि पापण्यांचा ग्लू दोन्ही कोपराच्या आतल्या बाजूला लावून दोन दिवस बघ.

हळदीचं कुणी सांगत नाही. आदल्या दिवशी सगळ्या काकू-मावश्या प्रेमाने चेहऱ्याला लेप देतात आणि दुसऱ्या दिवशी नवरी पिवळी, मग त्या पिवळ्यावर शेड काय कप्पाळ जुळणार. घाईघाईत साबण लावू नको, साबणाने हळद लालसर होते. हळद तेलात सुटते, म्हणून आधी खोबरेल नाहीतर बदामाचं तेल, कापसाने हलकं पुसायचं, मग दूध-बेसन, मग साधं फेसवॉश. आणि करवलीला आधीच सांगून ठेव की नवरीच्या गालाला नुसतं हळदीचं बोट लावायचं, लेप हातापायाला द्यायचा.

आता लावायचं कसं. डोळ्याखालच्या काळ्यावर आणि गडद डागांवर आधी केशरी-पीच करेक्टर, अगदी थोडा, बोटाने दाबून. थेट फिक्कट कन्सीलर लावला तर ते राखाडी दिसतं, भुतासारखं. मग ओला करून घट्ट पिळलेल्या स्पंजने फाउंडेशन, ओढायचं नाही, टिपत टिपत. एक मिनिट थांबायचं. मग जे डाग अजून दिसतात फक्त त्यांच्यावर बारीक ब्रशने ठिपका, तो अर्धवट सुकू द्यायचा आणि मग नुसत्या कडा थोपटायच्या, मधे हात लावलास की सगळं निघून येतं. पावडर लावायच्या आधी मी नवरीला चांगलं दात काढून हसायला लावते, हसल्यावर ओठांच्या बाजूला जी घडी पडते तिथे साचलेलं फाउंडेशन कोरड्या स्पंजने उचलते आणि मगच पावडर दाबते. एवढी एक गोष्ट तुझ्या मेकअपवालीने केली तरी अर्धं काम झालं. पावडर पफने दाबून, मग फिक्सिंग स्प्रे, तो सुकला की टी झोनवर, म्हणजे कपाळ-नाक-हनुवटीवर, परत थोडी पावडर, परत स्प्रे. जाड बेकिंग, म्हणजे पावडरचा जाड थर काही वेळ तसाच ठेवून मग झटकणं, मे महिन्यात नको, डोळ्याखाली सुरकुत्या मोजता येतात.

शेडबद्दल मात्र माझं स्पष्ट मत आहे. आईला, आत्याला विचारून दोन शेड गोरी होऊ नको. हिरवा चुडा आणि मेंदीचे हात अख्खा दिवस फोटोत चेहऱ्याच्या शेजारीच असतात, पांढरा चेहरा आणि गव्हाळ हात हे अल्बम उघडल्या उघडल्या दिसतं, आणि अल्बम काय जन्मभर बघायचाय. शेड मान आणि छातीशी जुळव, दिवसाच्या उजेडात. लॉन्सच्या त्या वधूपक्षाच्या खोलीत एक पिवळा बल्ब आणि एकच प्लग असतो, त्यावर केस कर्ल करायचे की मोबाइल चार्ज करायचे यावरून भांडणं, तिथे शेड कळत नाही. काही फाउंडेशन तासाभरात काळपट पडतात, म्हणून ट्रायल झाली की लगेच घरी धूम ठोकायची नाही, दोन-तीन तास तसंच फिर, उन्हात एक फोटो काढ आणि अंधारात फ्लॅश मारून एक. फ्लॅशमध्ये डोळ्याखाली पांढरे पॅच आले तर ती सिलिकाची पावडर नाहीतर सनस्क्रीनमधलं झिंक-टायटॅनियम. दिवसाच्या लग्नाला त्याने फार फरक पडत नाही, रात्रीच्या रिसेप्शनला पडतो.

ब्लाउज मेकअपच्या आधीच घालून बस, वरून जुना शर्ट, पुढून बटणं असलेला. डोक्यावरून काही ओढायची वेळ यायला नको.

आणि आपल्या लग्नाचे आपले धोके असतात, ते परदेशी ट्युटोरियलमध्ये येत नाहीत. मुंडावळ्यांचा दोरा कपाळावर घासून पट्टी पडते, म्हणून तो कपाळावर आवळून न बांधता वर केसांत पिनेने अडकवायचा. चापाची नथ असेल तर शेवटच्या पावडरच्या आधी घाल, नंतर घालताना नाकाचं सगळं पुसलं जातं. ओवाळायला येणारी प्रत्येक काकू चिमूटभर कुंकू लावणार आणि त्यातलं निम्मं नाकावर सांडणार, ते बोटाने पुसायचं नाही, कोरड्या मऊ ब्रशने झटकायचं. अक्षतांचंही तेच, घामेजलेल्या गालाला चिकटलं की लाल ठिपका. लाजाहोमाच्या धुराने डोळ्यातून पाणी येणारच, तेव्हा टिश्यूची टोकदार घडी करून डोळ्याच्या आतल्या कोपऱ्यात धरायची, खाली ओघळूच द्यायचं नाही. मस्कारा-लायनर वॉटरप्रूफ हे तर आलंच. आणि ते पाण्याचे तुषार उडवणारे मोठे पंखे असतात ना, त्यांच्यासमोर उभी राहू नको, पावडरवर थेंबाथेंबाचे डाग उठतात.

मुहूर्त साडेबाराचा म्हणजे नवरदेव मारुतीच्या देवळातून नाचत नाचत येईपर्यंत दीड, हे तुलाही माहितीये आणि भटजींनाही. तोपर्यंत सावलीत बस. करवलीच्या पर्समध्ये ब्लॉटिंग पेपर, पफ, लिपस्टिक आणि स्ट्रॉ ठेव. तेल दिसलं की आधी पेपरने टिपायचं आणि मग पफ, उलटं केलं की थर चढत जातात आणि चार वाजता चेहरा पिठासारखा.

रिसेप्शनला त्याच बेसवर परत थापू नको. मधे तासभर मिळत असेल तर सरळ सगळं काढून चेहरा धू आणि नवीन हलका बेस कर, बुकिंग करतानाच हे मेकअपवालीशी ठरव, नाहीतर ती दुपारी जेवून निघून जाते. वेळच नसेल तर तेल टिपून, फाटलेल्या जागी ओल्या स्पंजने थोपटून फक्त तिथेच कन्सीलर, आणि लिपस्टिक गडद.

रात्री कितीही दमलीस तरी काढल्याशिवाय झोपू नको. आधी केसांतल्या पिना, मग पापण्या, मग क्लिन्सिंग बाम नाहीतर खोबरेल तेल चोळून सगळं वितळवायचं, त्यानंतरच फेसवॉश. लाँग वेअर नुसत्या फेसवॉशने निघत नाही, आणि घासत बसलीस की दोन दिवसांनी सत्यनारायणाला नवीन पिंपल्स.

ट्रायल झाली की त्यांनी वापरलेला प्रायमर आणि फाउंडेशन कोणतं ते इथे लिही, बेस जुळतोय का बघून सांगते.