'इन्क्लेमेंट टीचर' का चालत नाही?

फोंड्याहून एकांनी विचारलंय की डिक्शनरीत 'इन्क्लेमेंट'चा अर्थ 'कठोर' दिलाय, मग 'इन्क्लेमेंट टीचर' लिहिलं तर चुकलं कुठे, आणि असे अ‍ॅडव्हान्स्ड शब्द लक्षात तरी कसे ठेवायचे.

चुकली ती जोडी. पूर्वी माणसालाही इन्क्लेमेंट म्हणायचे, पण आज हा शब्द जवळजवळ हवामानापुरताच उरलाय, 'इन्क्लेमेंट वेदर' म्हणजे खराब, वादळी हवा. आपला पाऊस मुसळधार असतो आणि वारा सोसाट्याचा, अदलाबदल केली तर पेडण्यापासून काणकोणापर्यंत कुणालाही खटकेल ना, तसंच तिकडे रेन हेवी आणि विंड स्ट्राँग. म्हणून वहीत सुटा शब्द आणि समोर मराठी अर्थ असं लिहूच नका, जोडीच्या शब्दासकट, जमलं तर अख्खं वाक्यच उतरवा. माझ्या मते निम्मी व्होकॅब्युलरी इथेच आहे.

मग शब्दाचं कूळ बघा. लॅटिन 'क्लेमेन्स' म्हणजे सौम्य, दयाळू, आणि पुढे लागलेला 'इन' म्हणजे नाही. फाशीच्या कैद्याचा दयेचा अर्ज राष्ट्रपतींकडे गेला की इंग्रजी पेपरात 'क्लेमन्सी' येतं ते ह्याच घरातलं, त्यामुळे एकाबरोबर दुसरा फुकट लक्षात राहतो. आणि इथे गोंयकारांना मोठा फायदा आहे हो, पोर्तुगीज ही लॅटिनचीच लेक! पोदेर सकाळी पाव आणतो, तो पाव लॅटिन 'पानिस'वरून आला, आणि कम्पॅनियन म्हणजे मुळात ज्याच्यासोबत पानिस खायचा तो, पँट्रीही तिथलीच. इगर्ज म्हणजे चर्च, ती आली 'एक्लेझिया'वरून, मग 'एक्लिझिअ‍ॅस्टिकल' म्हणजे चर्चसंबंधी हा शब्द एवढा लांबलचक दिसला तरी घाबरायचं कारण नाही. आपलं जनेल, म्हणजे खिडकी, 'यानुआ' म्हणजे दार ह्या शब्दाच्या घराण्यातलं, जॅनिटरही तसाच, मूळचा द्वारपाल. पण अमेरिकेत आज जॅनिटर इमारतीची साफसफाई आणि देखभाल बघतो, तेव्हा कुळावरून आजचा अर्थ ठरवायचा नाही, ते फक्त लक्षात ठेवायला.

यादीच हवी असेल तर एव्हरिल कॉक्सहेड यांची २००० सालची अ‍ॅकॅडमिक वर्ड लिस्ट घ्या, ५७० शब्दकुटुंबं आहेत, म्हणजे मूळ शब्द आणि त्याची रूपं एकत्र. त्यात 'पर्स्पिकेशस'सारखे भारदस्त शब्द नाहीत, डिराइव्ह, इम्प्लाय, सब्सिक्वेंट असले आहेत, आणि कॉलेजच्या पुस्तकांत पानोपानी भेटतात ते हेच, तर आधी हे हातात बसू द्या.