काजू खाऊन रक्त वाढतं का?

प्रश्न: ताई, माझं हिमोग्लोबिन 10 आलंय. डॉक्टरांनी लोहाच्या गोळ्या दिल्यात पण गोळ्यांनी पोट बिघडतं, म्हणून सोडाव्या म्हणते. आमची काजूची बाग आहे, सासूबाई म्हणतात रोज मूठभर काजू खा, रक्त वाढेल. आणि नवरा म्हणतो काजूनं कोलेस्टेरॉल वाढतं. कोणाचं ऐकू? – एक वाचक, सत्तरी (गोवा)

उत्तर: आधी डॉक्टरांचं ऐका! गोळी सोडू नका, जेवणानंतर घेऊन बघा, तरी त्रास झाला तर डॉक्टरांकडून बदलून घ्या, बऱ्याच प्रकारच्या मिळतात. आता हिशोब बघा. मूठभर म्हणजे 30 ग्रॅम, साधारण 18 काजू, त्यात लोह 2 मिलिग्रॅम. बाईमाणसाला दिवसाला लागतं 29. शिवाय काजूत फायटेट असतं, ते लोहाला धरून ठेवतं, त्यामुळे त्या 2 मधलंही थोडंच अंगी लागतं. आणि आपण काजू खातो कशासोबत, तर चहासोबत, आणि चहाही लोह अडवतो, म्हणजे उरलंसुरलंही गेलं. त्यापेक्षा ओल्या काजूची उसळ करता ना, तिच्यावर लिंबू पिळा, क जीवनसत्त्वानं लोह चांगलं शोषलं जातं. सीझनमध्ये बोंडूही (काजूचं रसाळ फळ) खा की, त्यात क जीवनसत्त्व संत्र्यापेक्षा कितीतरी जास्त, आणि आपण सगळे बोंडू उर्राक-फेणीच्या दारूला घालवतो!

पण म्हणून सासूबाईंना खोटं पाडू नका हं. काजूची खरी ताकद मॅग्नेशियम आणि तांब्यात आहे. त्याच मुठीत मॅग्नेशियम 85 मिलिग्रॅमच्या आसपास, बाईच्या रोजच्या गरजेचा जवळजवळ पाव हिस्सा, स्नायू आणि नसांना ते लागतंच. तांबं तर दिवसाच्या गरजेच्या तिसऱ्या हिश्श्याहून जास्त, आणि शरीराला लोह वापरायला तांबं लागतं. जस्तही बऱ्यापैकी.

मिस्टरांना सांगा, झाडावर पिकणाऱ्या कुठल्याच गोष्टीत कोलेस्टेरॉल नसतं, काजूतली बरीचशी चरबी ऑलिव्ह तेलात असते त्याच जातीची. फक्त 100 ग्रॅमला साडेपाचशे कॅलरी, त्यामुळे टीव्हीसमोर डबा घेऊन बसलात तर वजन वाढणारच. प्रेशर असेल तर खारे काजू नकोत, पाहुण्यांना म्हापशाच्या बाजारातून आणतो ते मसाल्याचेही नकोत. आणि बिया घरी भाजत असाल तर पोरांना लांब ठेवा, टरफलातल्या तेलानं कातडी सोलून निघते.

प्रश्न: वय 63. हाडांसाठी रोज 10 बदाम भिजवून, सालं काढून खातो. पुरेसं आहे का? – एक वाचक, मडगाव

उत्तर: काका, बदाम खा पण हाडांचा भार त्यांच्यावर टाकू नका. 10 बदामांत कॅल्शियम जेमतेम 30 मिलिग्रॅम, कपभर दुधात त्याच्या आठ-दहा पट. आपलं नाचणीचं तिझनच (खीर) बरं, 100 ग्रॅम नाचणीत 300 च्या वर असतं. बदाम भिजवल्यानं चावायला सोपे जातात, त्यापलीकडे फार काही होत नाही, आणि सालात फायबर असतं, तेव्हा दात साथ देत असतील तर सालासकट खा. मुतखडा झाला असेल तर मात्र डॉक्टरांना विचारून, बदाम-काजू दोन्हींत ऑक्झलेट जास्त, त्यानं खडे होऊ शकतात.